पिरमिटी बैल

पाचगणीच्या शाळेतून कायमची बाहेर पडले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन युनिफॉर्म, एक लोकरी स्वेटर आणि बक्षीस मिळालेलं गोष्टींचं पुस्तक होतं. डोक्यात एक शब्द होता. प्रिमिटिव्ह. शाळेत तो मला तिघांनी शिकवला आणि तिघांचे सूर वेगळे होते. इतिहासाच्या बाई तो अश्मयुगाच्या धड्यात वापरत. गारगोटीची हत्यारं, लाकडावर लाकूड घासून काढलेला विस्तव, कातडी पांघरलेली माणसं, हे सगळं त्या शब्दात बांधून त्या पुढच्या धड्याकडे वळत. जेवणघरावर नजर ठेवणाऱ्या मेट्रन तोच शब्द काटा-चमचा बाजूला सारून बोटांनी भात कालवणाऱ्या मुलीला ऐकवत. ती मुलगी बहुतेक वेळा मीच असे. चित्रकलेच्या म्हाताऱ्या सरांची तऱ्हा निराळी. गुहेच्या भिंतीवर कुणीतरी कधीकाळी काढलेल्या रेड्याचं छापील चित्र त्यांनी वर्गात टाचलं होतं. त्याच्याकडे बघून ते "प्रिमिटिव्ह!" म्हणत आणि डोळे मिटत. मोसमातली आंब्याची पहिली फोड तोंडात गेल्यावर माणूस जसे मिटतो तसे. एकाच शब्दाने एकाला कंटाळा येतो, दुसऱ्याला किळस आणि तिसऱ्याला आनंद, हे मला फार नवलाचं वाटे. पण मी कुणाला विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

वडील सैन्यात होते आणि त्या वर्षी त्यांची बदली आसामात झाली होती. आई धाकट्या भावाला घेऊन त्यांच्याबरोबर गेली. मला सांगलीच्या कॉलेजात घालायचं ठरलं होतं, पण कॉलेज उघडायला अवकाश होता, म्हणून मधले महिने मला सोना आत्याकडे ठेवलं. आत्याचं गाव इस्लामपूरजवळ. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ज्वारीची रानं. घर आटोपशीर होतं, गोठा घराच्या भिंतीला भिंत लावून. मी झोपे त्या खोलीत पलीकडच्या बैलाने मान हलवली की घुंगरू वाजल्याचं ऐकू येई. पहाट मला आवाजांवरूनच कळायची. आधी मामांचं खाकरणं (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात), मग रिकाम्या बादलीत म्हशीची पहिली धार टणटण, मग बादली भरत जाईल तसा तो आवाज जाड आणि मऊ होत जाई, आणि मग आत्याचे दोन्ही तळवे भाकरीवर. सकाळी न्याहारीला हुलग्याचं माडगं असायचं. करड्या रंगाचं, दाट, मीठ-लसणाचं. पहिल्या दिवशी मी वाटीकडे बघतच राहिले. तिसऱ्या दिवशी दुसरी वाटी मागितली, म्हणजे मागितली नाही, वाटी चुलीजवळ सरकवून ठेवली.

नव्या मुलखात आलेला माणूस खुणा करत चालतो, तशी मी प्रत्येक वस्तूवर मनातल्या मनात तो शब्द ठेवून बघत असे. चूल: प्रिमिटिव्ह. राखुंडीने दात घासणं: प्रिमिटिव्ह. दाराला कुलपाऐवजी आडणा, दिव्याला देवळीचा कोनाडा, न्हाणीतला तो मोठा खडबडीत दगड: प्रिमिटिव्ह, प्रिमिटिव्ह. आणि दरवेळी तपासत असे की आत्ता माझा सूर कुणाचा आहे, इतिहासाच्या बाईंचा, मेट्रनचा की सरांचा. सुरुवातीला तो मेट्रनचा असे. पुढे पुढे काय झालं ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

गावाला मी मुकी वाटले. शेजारी चांदबी राहायची. तिचा नवरा मणेर. बाजारच्या दिवशी तो गावोगाव बांगड्यांची पेटी घेऊन फिरे, आणि घरी आलेल्या बायकांना बांगड्या भरायची ती चांदबी. माझा हात हातात धरून, बोटं दाबून दाबून बांगडी चढवताना ती आत्याला म्हणाली, "सोनाबाय, पोरीला वाचा हाय न्हवं? न्हाई, हात किती बी दाबला तरी 'आई गं' म्हणंना."

"हाय की," आत्या म्हणाली. "पर ती इंग्रजीत हाय. मराठीत यायला वेळ लागतो."

माझी आतेबहीण कुसुम हे ऐकून इतकी हसली की तिच्या हातातलं सूप उपडं झालं. कुसुम माझ्याहून थोडी मोठी. तिला सगळ्याचं हसू येई. मी मात्र कोपऱ्यात बसून बघत असे. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या कोपऱ्यातून मला जितकं दिसलं तितकं पुढे कुठल्याच खुर्चीतून दिसलं नाही.

शब्द बाहेर पडला तो एका दुपारी. आत्या पाट्यावर खर्डा रगडत होती. हिरवी मिरची, लसूण, जाडं मीठ. वरवंट्याची ती घरघर चालली होती आणि मी नकळत पुटपुटले.

"काय म्हणालीस गं?" आत्याने वरवंटा थांबवला.

"काही नाही."

"आगं, तोंडातनं येवढा एकच शब्द पडला, तो बी परत घेतीस? सांग की."

मी सांगितला. आत्याने तो दोनदा तोंडात फिरवला. "पिरमिटी. म्हंजी काय?"

मराठीत काय म्हणावं ते मला सुचेना. "म्हणजे... साधं. अगदी पहिल्यापासूनचं. वरून काही भर न घातलेलं."

आत्याने बोटाने पाट्यावरचा खर्डा निपटला आणि माझ्या भाकरीवर ठेवला. "मग ह्यो पिरमिटीच की. मिरची, लसूण, मीठ. दुसरं काय घातलंय सांग बरं?"

त्या दिवसापासून तो शब्द माझा राहिला नाही. आत्याला तो फार आवडला. तिने त्याला चुलीपाशी, गोठ्यात, विहिरीवर, सगळीकडे कामाला लावलं. ताक पाणी न घालता घुसळलं तर ते पिरमिटी ताक. कडबा कापायचं नवं यंत्र मोडलं आणि मामांनी कोयता हातात घेतला तेव्हा, "बरं झालं, पिरमिटीच बरं." नाकासमोर चालणारा माणूस पिरमिटी. लहान पोर उघडंनागडं अंगणात पळालं तर ते पिरमिटी पळालं. भांडण झालं आणि समोरची बाई मागचं सगळं उकरून काढू लागली तर, "ही आता पार पिरमिटी गोष्टींवर गेली बग." आठ-पंधरा दिवसांत चांदबीही म्हणू लागली. तिच्याकडून तो शब्द बांगड्या भरायला आलेल्या बायकांबरोबर कुठे कुठे गेला ते देव जाणे. पुढे मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. वर्गात या शब्दाचे कोशातले अर्थ फळ्यावर लिहिताना आत्याचे वापर तिथे बसवता येत नाहीत याची मला दरवेळी हळहळ वाटायची.

कुसुमने तो शब्द एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. जतच्या बाजूचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात फिटर. तो एकदा मध्यस्थाबरोबर येऊन गेला होता. मुलगी पाहिली, पोहे खाल्ले, आणि उठताना विहिरीचं पाणी गोड आहे एवढं एकच वाक्य बोलून गेला. त्या एका वाक्यावर कुसुम दोन महिने खूश होती. "हसणं कसलं पिरमिटी हाय त्यांचं," ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला सांगे. "काय बी लपवाय येत न्हाई बग त्या माणसाला."

पण आत्याच्या जिवाला घोर होता. कुसुमचं याआधीचं एक स्थळ जमता जमता मोडलं होतं, आणि तेही मानपानावरून. त्या पाहुण्यांचा एक म्हातारा उंबऱ्याला अडखळून पडला आणि ओसरीवर कुणीतरी हसलं. एवढंच. पाहुणे तसेच उठून गेले आणि 'तुमच्यात माणसाला हसत्यात' असा निरोप आला. हसणारी कुसुमच होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. म्हणून या खेपेला आत्याने देवाला आणि कुसुमला दोघांनाही दटावून ठेवलं होतं. मुलाचे आईवडील यायचे होते. त्यांना घर पसंत पडलं की तिथेच सुपारी फोडायची. इस्लामपूरच्या बाजारात मामांनी मध्यस्थाकरवी तोंडी निरोप धाडला होता: बेंदराला या.

बेंदूर म्हणजे बैलांचा सण. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, कुणी ठेवलं तर गाव त्याला नाव ठेवतं. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, पुरणपोळी आधी त्यांना, मग माणसांना. घरात मातीचे बैल पुजायचे. कुंभार ते करून घरोघर देऊन जातो. आत्याने बेंदरासाठी गूळ, डाळ, नवी सुपं, सगळं मनात योजून ठेवलं होतं. बेंदूर आषाढात, अजून महिनाभर पुढे.

वटपौर्णिमा झाली, तिचा दुसरा दिवस. पेरणीची घाई होती. मामा बैल जोडून, पेरायची कुरी घेऊन उजाडतानाच रानात गेले होते. आदल्या दिवसाच्या उपासाने आत्याचं डोकं चढलं होतं म्हणून ती परसात केस मोकळे सोडून बसली होती, आणि कुसुम न्हाणीत. ओसरीवर मी एकटी. तेवढ्यात फाटकाशी एक उंच, काळीसावळी बाई आणि तिच्या मागे पांढऱ्या फेट्यातला माणूस येऊन उभे राहिले. बाईच्या हातात कापडात बांधलेली टोपली, त्यातून बैलाच्या शिंगाला बांधायचे लाल गोंडे डोकावत होते.

"सोनाबाईंचं घर न्हवं ह्ये?" ती म्हणाली. "बेंदराचं बोलावणं होतं की. आलो बघ."

आता हे सांगायला हवं. आमच्या मुलखात बेंदूर दोन आहेत. आमच्या बाजूचे लोक आषाढात करतात. जतच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून राहणारे ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या आगेमागे. तिकडे त्याला कारहुणवीही म्हणतात. बैल तेच, पोळी तीच. दोन्हीकडची माणसं आपल्या सणाला नुसतं बेंदूर म्हणतात, कारण दुसऱ्यांचाही एक आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. मला हे वटपौर्णिमेच्या दिवशी वडाखाली बायकांच्या बोलण्यात कळलं होतं. कोपऱ्यात बसण्याचा हा फायदा. त्यामुळे त्या बाईंच्या हातातले गोंडे पाहिल्याबरोबर मला सगळं उमगलं. हे पाहुणे महिनाभर आधी आले होते. आणि त्यांना ते कळलं तर हसल्यासारखं होणार होतं, कुणीही न हसता.

आयुष्यात इतकं पटकन मी क्वचितच बोलले असेन. "या," मी म्हणाले. "बैल ओढ्याला गेलेत. धुवायला."

पायांवर पाणी घातलं, घोंगडं अंथरलं, आणि परसात पळाले. आत्याला सांगितलं तेव्हा तिने केसांची गाठ मारता मारता तीनदा सोडली. कुसुम न्हाणीच्या दारात ओल्या केसांनी उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू प्रथमच कुठे दिसत नव्हतं. "आई, आता गं?" ती म्हणाली, "आता ती माणसं परत जात्यात का काय?"

आत्याने केसांची गाठ शेवटी घट्ट मारली. मग तिने पदर खोचला. "कशाला जात्यात? आज बेंदूर हाय."

"आगं पर..."

"हाय म्हणलं न्हवं? डाळ शिजाय घाल. गूळ चीर. शालन, तू बैलं कर."

"मी?"

"मग कोण? कुंभार काय आज देतुय? भिंत सारवायला आणलेली माती हाय बग तिकडं ढीगभर. पोळ्या तुला लाटाय येत न्हाईत. माती तरी मळाय येईल."

चांदबी कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. तिने एक शब्द विचारला नाही. साडीचा काष्टा मारला आणि बांधाबांधाने रानाकडे धावत सुटली. पुढचं आम्हाला मामांनी नंतर कित्येकदा सांगितलं. मामा कुरीवर पेरणी करत होते आणि बांधावरून चांदबी हात हलवत ओरडत येत होती, "आवं दाजी, सोडा ती बैलं! बेंदूर आलाय!"

"कुठं आलाय?"

"तुमच्या ओसरीवर! घोंगड्यावर बसलाय!"

मामांनी जू उतरवलं आणि बैल सरळ ओढ्यात घातले. म्हणजे मी पाहुण्यांना सांगितलं ते थोड्या उशिराने का होईना, खरं झालं.

परसात मी मातीसमोर बसले. शाळेत मी चित्रं काढत असे, पेन्सिलीने, रेषा पुसत पुसत. माती पुसता येत नाही. पहिला बैल मी चित्रातल्यासारखा करायला गेले, बारीक पाय, वळलेली मान. तो उभा करताच गुडघे मोडून बसला. दुसऱ्याची मान गळून पडली. मग मी विचार सोडला. मातीचा एक लांबट गोळा, खाली चार जाड खुंट, पाठीवर चिमटीने उचललेलं वशिंड, पुढे नाकाडासाठी अंगठ्याने एक दाब, वर दोन शिंगं. ज्वारीचे दाणे खोचून डोळे. तो उभा राहिला. आखूड, ठेंगणा, थोडा भांबावलेला, पण उभा. मला इतका आनंद झाला की मी त्याला मोठ्याने, इंग्रजीत, शाबास म्हणाले. हात कोपरापर्यंत भरले होते, ओल्या मातीचा वास नाकात होता, घरातून पुरण शिजल्याचा गोड वाफारा येत होता. दुसरा बैल पहिल्याहून झोकदार झाला. तिसऱ्याला मी शेपूटही दिलं.

"ह्ये कसले बैल गं?"

गौराक्का, म्हणजे मुलाची आई, मागे येऊन उभी होती. कमरेवर हात. तिची नजर बैलांवरून माझ्यावर आणि माझ्यावरून पुन्हा बैलांवर.

"कुंभार देत न्हाई तुमच्यात?"

हो म्हणावं तर ते कुठे आहेत, नाही म्हणावं तर का. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला, पोळपाटाच्या ठोक्यासकट: "देतुय की, विहीणबाई! पर आमच्यात पिरमिटी बैलं पुजत्यात!"

"पिरमिटी? त्ये काय असतंय?"

"शालनला इचारा. ती शिकल्याली हाय!"

आणि खिडकी गप्प झाली. मी गौराक्काकडे पाहिलं. ती वाट बघत होती. घरातल्या लाटण्याचा आवाजही थांबला होता, म्हणजे कुसुमही ऐकत होती.

"म्हणजे," मी म्हणाले, "कुंभार नव्हता तेव्हापासूनचे. नांगरसुद्धा नवा होता तेव्हाचे. माणसाने पहिल्यांदा बैल धरला असेल, आणि रात्री घरी येऊन पोरांना सांगितलं असेल, असा होता, एवढा मोठा होता. पोरांना कळेना म्हणून मग त्याने मातीचा करून दाखवला असेल. घाईघाईने, हाताला येईल तसा. त्याला फक्त ताकद दाखवायची होती, म्हणून पाय जाड. तसे हे. पहिले."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हाताऱ्या सरांच्या मिटलेल्या डोळ्यांतून ते केव्हातरी माझ्यात आलं असेल. मराठीत सलग इतकं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. संपल्यावर माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

गौराक्का उकिडवी बसली, बांगड्या मागे सारल्या आणि मातीत हात घातला. "ह्याला गव्हाण पायजे की," ती म्हणाली. "येवढी ताकदीची जनावरं, खातील काय?" बघता बघता तिने एक लांबोडकी गव्हाण केली, तीत बोटाने खाच पाडली, चिमूटभर ज्वारी टाकली. मग माझ्या तिसऱ्या बैलाचं शेपूट उचलून बाजूला ठेवलं. "ह्ये नगं. पडतंय बघ. पाठीलाच चिकटवायचं." तिने ते नखाने चिकटवून दाखवलं. आम्ही दोघी बराच वेळ माती मळत बसलो, फारसं न बोलता. तिलाही फार बोलायची सवय नसावी. मधेच ती म्हणाली, "माझी आई, आमची अव्वा, असलेच करायची. लहान हुतो मी. तिचं बी असंच, पाय म्हंजी नुस्तं उखळ." आणि हसली. ते हसू पाहून मला कुसुमच्या फिटरचं हसू कसं असेल ते कळलं.

दुपारी मामा बैल घेऊन आले, ओले, चकाकणारे. शिंगांना लावायला हिंगूळ घरात नव्हता. काव आणि चुना लावला. चांदबीने ट्रंकेच्या तळाशी राहिलेली गेल्या सालची बेगड आणली आणि थुंकी लावून शिंगांवर चिकटवली. गौराक्काने आणलेले गोंडे बांधले. देवासमोर पाटावर आमचे मातीचे बैल बसले आणि सगळ्यांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. खऱ्या बैलांनी पोळ्या खाल्ल्या, आणि त्यातल्या थोरल्या बैलाने हे काय चाललंय म्हणून मामांकडे अशी नजर टाकली की कुसुमने पदर तोंडात कोंबला. त्याच वेळी फाटकावरून एक शेतकरी कुरी खांद्यावर आणि जोडलेले बैल पुढे घालून चालला होता. तो थबकला.

"आरं गड्या, बैलं नटवून कुठं वरातीला निघालास?"

मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नवस हुता रं." पाहुण्या अप्पांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, मान वर केली आणि छताकडे बघत ते फार मन लावून म्हणाले, "तुळया साग्वानी हाईत काय ओ ह्या? लय जुनं लाकूड दिसतंय." छत बाभळीचं होतं. त्यावर मामा आणि ते खूप वेळ लाकडाबद्दल बोलले.

जेवणं झाली. कटाची आमटी अप्पांनी वाटीने प्यायली, पुन्हा मागितली. मग चार शेजारी बोलावून सुपारी फोडली. कुसुमला बाहेर बोलावून गौराक्काने तिची ओटी भरली आणि तिची हनुवटी धरून म्हणाली, "हसायचं असलं की हस गं. आमच्यात कोण ना करत न्हाई." कुसुम हसली नाही, रडली. मग हसली.

संध्याकाळच्या एसटीला त्यांना पोचवायला आत्याने मला धाडलं. अप्पा पुढे पुढे चालले होते. पिंपळाखाली एसटी थांबायची. तिथे गौराक्काने माझा हात धरला. तिच्या नखांत अजून माती होती.

"पोरी," ती म्हणाली, "तुमचा खरा बेंदूर कवा हाय?"

मी एसटी येते का ते बघायला रस्त्याकडे मान वळवली.

"आगं, इस्लामपूर सोडलं तवापास्नं बगत आलो की. रानारानात औतं चालल्याती. बेंदराला कोण जू ठेवतंय व्हय? ह्यांनी म्हटलं, उतरू, परत जाऊ, लोक हसतील. मी बी उतराय निघालो हुतो. मग म्हटलं, दारात तर जाऊन बगू." तिने माझा हात हलवला. "आन तू 'या' म्हणालीस. वाटलं, हितं हसायचं न्हाईत."

खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तर जमलं नसतं. "आषाढात," मी म्हणाले.

"मग आषाढात बी येतो," ती म्हणाली. "सुनंचं म्हायेर म्हणून न्हवं, बैलांचं म्हणून. पर तुझ्या आत्याला सांगू नगंस, मला कळालंय म्हणून. पोळ्या लाटून लाटून दमली बिचारी. कशाला उगं तिला खाली बगाय लावायचं?"

एसटी आली, धुरळा उडाला, ते गेले. घरी आले तर आत्या दारातच उभी. "काय म्हणाल्या गं? कळलं न्हाई न्हवं त्यास्नी?"

"पुरण चांगलं झालं होतं म्हणाल्या."

आत्याने देवाकडे बघून हात जोडले.

त्याचा परिणाम असा झाला की आत्याच्या घरी वर्षाला दोन बेंदूर सुरू झाले. व्याही ज्येष्ठात येणार, म्हणून ज्येष्ठात एक. आणि आषाढातला आपला. गौराक्का आषाढातही येई, काहीतरी निमित्त काढून. सूनबाईला माहेरी सोडायला, नाहीतर लोणचं द्यायला. सबंध गावात मामांच्या बैलांनाच दोनदा सुट्टी आणि दोनदा पोळी मिळे, आणि ते त्या जोरावर इतके मस्तवाल झाले की मामा म्हणत, पुढच्या साली ही दोघं तिसरा मागणार. मी सांगलीहून सुट्टीत जाई तेव्हा बैल मीच करायचे असं ठरून गेलं होतं.

पुढच्या ज्येष्ठात आम्ही तिघी परसात बसलो होतो, मधे मातीचा ढीग. कुसुम लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली, आत पोळ्या लाटत होती आणि कशावर तरी खिदळत होती. माझ्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला गौराक्का. गौराक्का म्हणाली, "तुमच्यात बेंदूर लय झ्याक करत्यात बगा, विहीणबाई." आत्या म्हणाली, "पयल्यापास्नंची रीत हाय आमची." आणि मग आत्याने गौराक्काच्या नकळत माझ्याकडे डोळे वटारले, बोलू नकोस म्हणून. मी मान वळवली तर दुसऱ्या बाजूने गौराक्का आत्याच्या नकळत तेच करत होती. मी खाली बघून बैलाला वशिंड काढत राहिले. ते दरवेळी वाकडं होत होतं, कारण माझे हात हसत होते.